डब्याला न सुचलेला प्रश्न

बाबा, आज जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसात मोठ्याने ओरडले. मी, जी कधी आवाज चढवत नाही. लॅपटॉपवर ती जुनी विनोदी कार्टून मालिका लावली होती, अंतराळयानातली, आपण रविवारी एकत्र बघायचो ती. तुम्ही आठवड्याने सुर्ल्याहून पेडण्याला घरी यायचात, टिपर ट्रक चालवून अंगभर झालेली खाणीची लाल माती धुऊन खिडकीशी बसायचात. एकदा यंत्रमानवाकडे बघून तुम्ही विचारलंत, "तो डबो रडता कित्याक गो?" मी सांगितलं, आपण स्वतः ठरवतो की बनवणाऱ्याने सगळं आधीच ठरवून ठेवलंय, हे त्याला कळत नाही म्हणून. "मगे आमच्या टिपराक इचार," तुम्ही म्हणालात, "ब्रेक मी मारतंय की तो!" आणि स्वतःच हसलात. "तुमका नाय कळूचा, बाबा," मी म्हटलं.

आजच्या भागात त्या डब्याला एक यंत्र सापडतं. तो पुढे काय करणार, ते यंत्र कागदावर छापून देतं. डबा विचारतो, मी हे यान सोडून जाऊ का? कागद येतो: जाणार नाहीस. तो पुन्हा विचारतो, पुन्हा तेच. शेवटी कागदांच्या ढिगावर बसून तो जाहीर करतो की न जाण्याचा निर्णय सर्वस्वी माझा आहे. मालिकेत सगळे हसतात. मी ओरडले, "अरे, प्रश्न बदल ना!" शेजारणीच्या हातातला चमचा खाली पडला. बाबा, दिवसभर मी सॉफ्टवेअर तपासते. तेच विचारलं तर तेच उत्तर येणार, हे मला झोपेतही ठाऊक असतं. तरी आपल्या देवळातली ती सकाळ मला आज, चौदा वर्षांनी, कळली.

बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला, दूर होस्टेलवर पाठवायचं की नाही, याचा कौल लावायला तुम्ही मला घेऊन गेला होतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी खांबाआड उभी आहे. डावी पडते.

"डावो दिल्यान रे. देव नको म्हणता."

"परत लाव."

"तोच प्रश्न परत? देव काय बहिरो हा?"

तुम्ही डोकं खाजवता. मग देवाकडेच बघून, टिपरच्या क्लीनरशी बोलावं तसं म्हणता, "बरा, येगळा इचारतंय. चेडवाक मी पाठवतंय. तू तिका सांभाळशील काय, तेवढा सांग." गुरव पुटपुटत पाकळ्या लावतो. बराच वेळ काही हलत नाही. मग उजवी पडते. घरी येऊन तुम्ही आईला एवढंच सांगितलंत, "उजवो दिल्यान. बॅग भर तिची."

मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही सुर्ल्याला टिपरच्या रांगेतच गेलात, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. मी होस्टेलवर होते. तेव्हापासून मला वाटत आलं की पहिलं उत्तरच खरं होतं, दुसरं तुम्ही देवाकडून उकळलंत, आणि माझ्या जाण्याची भरपाई तुम्ही केलीत. आई अजून सगळ्यांना सांगते, देवानेच पाठवलं. पण आज दिसलं, दोन उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत, कारण प्रश्न दोन होते! पाठवायचं की नाही हे तुम्ही त्याला दुसऱ्यांदा विचारलंच नाही. ते तुम्ही ठरवून टाकलं होतंत. त्या डब्याला जे जमलं नाही, ज्यावर मोठमोठे लोक ग्रंथ लिहितात, ते तुम्ही डोकं खाजवून केलंत. आणि मी म्हणाले होते, तुम्हाला नाही कळायचं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या सकाळी खांबाआड हात जोडून मी डावी पाकळीच मागत होते. मला घर सोडायचं नव्हतं. ती पडली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, बाबा.