चौथा फर्मा दोनदा

बुधवार, १९ नोव्हेंबर

सूनबाई,

त्या सकाळी मी आधी पिंप भरलं, मग अंथरुणं काढली, चहाचं आधण ठेवलं आणि ओले कपडे दोरीवर टाकायला खिडकीशी गेले. तुझ्या टॉवेलचा एक धागा निघाला होता, तो दातानं तोडला. दोन वर्षं झाली, तरी एवढं सगळं आठवतं. पुढचंही आठवतं. तेच लिहायला बसले आहे, पण हात आधी भलतीकडे धावतो.

बघ, ख्यालीखुशाली विचारायची राहिलीच. तू बरी असशील. तुझी बहीण, तिची मुलं बरी असोत. माझे गुडघे कुरकुर करतात, डोळे मात्र अजून चालतात. बाइंडिंगच्या कारखान्यात अजून जाते. सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे क्रमानं उचलून एकावर एक लावायचे आणि शिलाईला पाठवायचे, तेच काम. चुकलेल्या प्रती मी घरी आणून वाचते, हे तुला ठाऊक आहे. तू हसायचीस त्यावरून. माझ्या वाचनात एकही पुस्तक धड नाही. कितीतरी जणांची लग्नं ठरली, पण ती लागली की मोडली, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या महिन्यात येशूच्या गोष्टींचं एक बारीकसं पुस्तक कामाला आलं होतं. त्यात माझ्या हातून चूक झाली. चौथ्या फर्म्याचे दोन गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले गेले आणि पाचव्याचा मागेच राहिला. चाळीस प्रतींत चौथा फर्मा दोनदा लागला, पाचवा लागलाच नाही. त्यातली एक, तेवढी एकच चुकली असेल असं समजून, मी नेहमीसारखी घरी नेली.

चौथ्या फर्म्याच्या शेवटच्या पानावर एका गावाची वेस आहे. वेशीतून एक मयत बाहेर पडतंय. विधवेचा एकुलता एक मुलगा. येशू समोरून येतो. त्याला कुणी बोलावलेलं नाही, कुणी काही मागितलेलं नाही. तो त्या बाईला बघतो, त्याला तिची दया येते, आणि रडू नको असं तो तिला म्हणतो. मग पुढे होऊन तिरडीला हात लावतो. खांदेकरी थांबतात. तिथे पान संपतं.

पान उलटलं, तर पुन्हा तोच फर्मा. पुन्हा तो पहिल्यापासून चालत आला, पुन्हा त्याच वेशीपाशी थांबला. सूनबाई, तीन आठवडे मी रोज संध्याकाळी त्याला त्या बाईपाशी थांबलेला बघत होते. आपल्या घरच्या मयताला किती माणसं आली होती! सगळ्यांनी माझ्या मुलाला बघितलं, खांदा दिला. माझ्याकडे असं थांबून कुणी बघितलं नव्हतं. आणि बघितलं असतं, तर मीच मान फिरवली असती.

चूक उघडकीला आली ती गेल्या शनिवारी. आमची शिलाईवाली कारखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं ए वाचणारे! गोष्टी वाचतेस, पण फर्म्याचा आकडा वाचत नाहीस?" मुकादम म्हणाले, "एकूण एक प्रत उसवा. बाकीच्यांनी तिच्या कामाला हात लावायचा नाही." दिवसभर टाके कापत बसले. पाचवा फर्मा आत घालताना पहिल्याच प्रतीत त्याच्या वरच्या ओळीकडे नजर गेली.

तिचा मुलगा उठून बसला होता. बोलायला लागला होता. आणि येशूनं तो तिच्या स्वाधीन केला.

माझ्या हातातली कात्री खाली पडली. मी मनात नाही, तोंडानं म्हणाले, "तिचा उठवलास. माझा का नाही?" शिलाईवालीनं वर बघितलं. मग ती उठली आणि माझ्या वाटणीचे दोन गठ्ठे स्वतःकडे ओढून घेऊन उसवू लागली.

उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही, आणि ते मिळालं असं मी तुला खोटं सांगणार नाही. पण तो गेलाही नाही. हे कसं लिहावं कळत नाही, तू हसशील. त्या कागदांच्या थप्प्यांमध्ये तो माझ्यासमोर थांबला होता, मी हे पत्र धरलंय इतकं खरं. मी शिव्याच काय त्या द्यायच्या बाकी ठेवल्या होत्या, तरी थांबला होता. त्याला माझं सगळं माहीत होतं. त्या बाईकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. माझ्याकडे होतं. मी तिथेच डोक्यावर पदर ओढून त्याला सांगितलं, आणि आता तुला लिहिते.

त्या सकाळी तुझा नवरा बूट घालायला बसला आणि म्हणाला, "आई, छातीत जड वाटतंय गं." तू म्हणालीस, "आज नका जाऊ. डॉक्टरकडे जाऊन येऊ." आणि मी खिडकीशी उभी राहून म्हणाले, "बापानं तापातसुद्धा कामाची पाळी चुकवली नाही, आणि हा बघा नाजूक नवरदेव!" तो हसला. उठला. गेला. अकरा वाजता गोदामाच्या जिन्यात पडला.

दुपारी भावजींनी विचारलं, "वहिनी, सकाळी बरा होता ना?" घर भरलेलं होतं. मी तुझ्याकडे बोट केलं. "दुखतंय म्हणत होता, हिनंच कामावर पिटाळलं." तू नुसतं "आई" म्हणालीस. आठवड्याच्या आत एक बॅग घेऊन बहिणीकडे गेलीस. कुणालाच खरं सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस गं? मी किती दिवस वाट बघत होते की तू सांगशील आणि मी तुला खोटी पाडेन.

क्षमा मागायला शब्द शोधले. वाचलेल्या एकाही पुस्तकातले पुरे पडेनात. तू दार उघडलंस तर मी येईन. नाही उघडलंस तर तेही बरोबरच असेल. मी येशूजवळ तुझं नाव रोज काढते.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी मी भावजींकडे गेले. मंडळी जेवायला बसली होती. जाऊबाई म्हणाल्या, "या ताई, ताट घेते." मी बसले नाही. दारातच उभी राहून सगळ्यांना सांगितलं, की त्याला कामावर मी पाठवलं, आणि तू त्याला थांबवत होतीस.

तुझ्या नवऱ्याची आई