आवाज कुणाच्या नावावर

मी, वैजनाथ शिवलिंगप्पा बिराजदार, वय चौतीस, धंदा रॅप गाणे, राहणार उमरगा, जिल्हा धाराशिव, पूर्ण शुद्धीत असून कुणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या माघारी काय कुणाचं हे खाली लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मी कारखान्यातली नोकरी सोडली तेव्हापासून माझ्या वडिलांना, अप्पांना, माझ्या शुद्धीची शंका आहे. ती त्यांनी या कागदापुरती बाजूला ठेवावी. 'धंदा' या शब्दापुढे काय लिहावं यावर वकील निकिता मॅडम म्हणाल्या, "कलाकार लिहा." मी म्हणालो, "बँकेच्या अर्जात तेच लिहिलं होतं, कर्ज मिळालं नाही." म्हणून जे करतो तेच लिहिलं.

१. येत्या सोमवारी सोलापुरात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. आजार गाण्यानंच उघडकीला आणला. 'डांबर' या माझ्या गाण्याचं दुसरं कडवं मी एका दमात म्हणत असे. या उन्हाळ्यात नळदुर्गला एका हळदीच्या कार्यक्रमात ते मध्येच तुटलं. लोकांना वाटलं माईक गेला. डॉक्टरांनी विचारलं, "धाप कधीपासून लागते?" मी म्हणालो, "दुसऱ्या कडव्यापासून." त्यांनी नळी छातीला लावली आणि म्हणाले, "म्हणा बघू ते." मी तिथंच म्हटलं, सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर बराच वेळ ऐकत होते. त्यांना नक्की काय ऐकू येतंय ते मला कळेना, तेव्हा मी नळी मागितली. दोन ठोक्यांच्या मध्ये ओल्या रस्त्यावरून ट्रक गेल्यासारखा आवाज होता. आपल्या आत असलं काही वाजतंय हे मला माहीतच नव्हतं. परवानगी घेऊन तो फोनवर रेकॉर्ड केला. हे रेकॉर्डिंग माझा मित्र शंकरप्पा याला द्यावं. माझ्या गाण्यांचे बीट तोच बनवायचा. आता हैदराबादला औषधाच्या गोदामात नोकरी करतो. त्यावर बीट बसतो का, हे त्यानं एकदा करून बघावं.

२. घर आणि खालचं टायर-पंक्चरचं दुकान अप्पांचं आहे, त्यावर माझा शब्द चालत नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मी रेकॉर्डिंग करतो. तिच्या भिंतींना आतून लावलेल्या वाकळी माझी आई सत्यभामाबाई हिच्या आहेत. थंडीत तिनं त्या कितीदा परत मागितल्या, मी दिल्या नाहीत. आता द्याव्यात. माईक आणि लॅपटॉप शंकरप्पाला. माईक मोटारसायकल विकून घेतलेला आहे, तो त्यानं उन्हात ठेवू नये.

३. या धंद्यावर घर कसं चालतं, हे पाहुणे मला दर लग्नात विचारतात. त्याचं उत्तर इथं लिहून ठेवतो, म्हणजे शिवरंजनीला, माझ्या बायकोला, ते द्यावं लागणार नाही. गाण्यावर चालत नाही. बियाण्याच्या दुकानांच्या जाहिराती, हळदीचे कार्यक्रम, वाढदिवसाची गाणी यांवर निम्मं चालतं. उरलेलं निम्मं शिवरंजनीच्या दवाखान्यातल्या पगारावर. एका बियाणेवाल्यानं पैशांऐवजी सोयाबीनची पिशवी दिली. आम्हाला शेत नाही. तुळजापूरच्या एका लॉजमालकानं जाहिरातीच्या बदल्यात खोली दिली, तिथं आम्ही दोघं लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो. ते मानधन मला आजवर सगळ्यात जास्त आवडलं. माझं सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं काम मात्र भंगारवाल्याच्या टेम्पोवर वाजतं. ते रॅपमध्ये आहे. पार कर्नाटकात गेलंय, आणि तिथं कुणीतरी त्यात कानडी ओळ घातली आहे. ओळ माझ्यापेक्षा बरी आहे. ती कुणाची, हे कळलं तर त्याला माझा नमस्कार सांगावा.

४. मागच्या निवडणुकीत एका उमेदवारानं माझा आवाज तीन आठवडे गावोगाव फिरवला आणि निवडून आल्यावर मला ओळखलं नाही. हे येणं मी कुणालाही देत नाही. ते माझ्याच नावावर राहू द्यावं.

५. 'डांबर' हे गाणं मी कुणालाही देऊ शकत नाही. माझी मुलगी अर्पिता पोटात असताना शिवरंजनीला अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं, त्या आठवड्यात ते पुण्याच्या एका कंपनीला पंधरा हजारांना कायमचं विकलं. आज ते लग्नांत वाजतं. वरातीत दिसलं की मी थांबून बघतो, कुठल्या ओळीला हात वर जातात. मला वाटते ती ओळ कधीच नसते.

६. उरलेली एक्केचाळीस गाणी अर्पिताला. निकिता मॅडम म्हणाल्या, लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं गाण्याचा हक्क वारसांकडे राहतो. आपल्याजवळ एवढी टिकाऊ मालमत्ता आहे हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. अर्पिता आज सहा वर्षांची आहे; ती साठ वर्षं संपतील तेव्हा सहासष्टची असेल. तिला ही गाणी जुनाट वाटतील का, तेव्हा हायवेवर ट्रकला माणूस असेल का, हे बघायला मला फार आवडलं असतं. 'टोलनाका' हे गाणं दर महिन्याला फिनलंडमधून कुणीतरी चार-पाच वेळा ऐकतं. आमचं तिथं कुणी नाही. तो माणूस कधी उमरग्याला आलाच, तर दुकानावर त्याला चहा द्यावा आणि विचारावं, त्यात कळतंय काय त्याला.

७. आता माझा आवाज. ऑपरेशनचं कळल्यावर एका कंपनीनं विचारणा केली. आवाजाचा नमुना घेऊन मशीन माझ्यासारखं गाणार, मी असो वा नसो. चार लाख एकदम. माझ्या उभ्या हयातीत मी गाण्यावर तेवढे मिळवले नाहीत. नमुना देऊन आलो. त्यांनी बनवलेलं गाणं फोनवर आलं, ते दुकानात बसून ऐकलं. माझाच आवाज, मी कधी न म्हटलेले शब्द, आणि अख्खं कडवं एका दमात. मी तीनदा लावलं. मला त्याचा हेवा वाटला.

अप्पा पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांनी विचारलं, "ह्यो श्वास कवा घेतो रं?"

"घेतच न्हाय, अप्पा."

"मग ह्याचं पंक्चर कसं सापडायचं?"

शिवरंजनी हसली नाही. ती म्हणाली, "उद्या ह्या आवाजात काय बोलायचं, ते कोण ठरवणार?" मी कंपनीला फोन लावून तेच विचारलं. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, ज्याचं पेमेंट असेल तो." मला कलम ४ मधले गृहस्थ आठवले. मी नको म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र मी खिसा चाचपला, कारण नको म्हणायला खिशात काही लागतं आणि माझ्याकडं ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिवरंजनी दवाखान्यातून उशिरा आली. गळा मोकळा होता. मी बघतोय हे पाहून एवढंच म्हणाली, "लई बघू नगा, पतसंस्थेत हाय." सरकारी योजनेतून ऑपरेशनचा बराच खर्च भागतोय, उरलेला त्या सोन्यावर होणार आहे.

८. म्हणून माझ्या नावे जे काही येईल, त्यातून सर्वांत आधी शिवरंजनीचे दागिने सोडवावेत. त्याआधी कुठलाही विधी, जेवण किंवा फोटोची फ्रेम होऊ नये.

९. माझा आवाज, जिवंतपणी विकला नाही तो, मी शिवरंजनीला देतो. तिनं तो माझी आठवण म्हणून अडचण सोसत सांभाळू नये. पैशाची गरज पडली तर विकावा; त्यात माझा कसलाही अपमान नाही. फक्त त्यात काय बोलायचं याचा हक्क कागदावर स्वतःकडं ठेवावा. आणि एखादे दिवशी त्या मशीनकडून तिला काही म्हणवून घ्यावंसं वाटलंच, तर ती काय म्हणवून घेईल, याचा मी दोन दिवस विचार करतोय. मला अंदाज लागत नाही.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी थोरली बहीण ज्ञानेश्वरी हिनं करावी. ती अप्पांना घाबरत नाही.

हे सर्व मी शिवरंजनीला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "संपलं? एवढंच हाय आपल्याकडं?" मी म्हणालो, एवढंच. तर म्हणाली, "मग सोमवारी जा, नीट होऊन या, अजून चार गाणी करा, आन् हे पुन्हा लिवा. ह्यात काय वाटून घ्यायचं?" तिचं म्हणणं मला पटलं आहे. तरी आजच्या तारखेला आहे ते हे आहे, आणि ते मी वाचून, समजून सही करत आहे.

सही : वैजनाथ शिवलिंगप्पा बिराजदार

आम्हा दोघांच्या समोर त्यांनी सही केली, म्हणून आम्ही साक्षीदार म्हणून त्यांच्यासमोर सह्या केल्या. आम्हाला यातून काही मिळणार नाही.
साक्षीदार १ : बजरंग गोरोबा माने, भंगार व्यापारी, उमरगा
साक्षीदार २ : रामकिसन शिवशंकर पाटील, लॉजमालक, तुळजापूर

ठिकाण : उमरगा
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५