दफ्तरखोलीची वेळ

४ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस चक्क मजेत गेला. नकाशांच्या नकला काढून देणारं ऑफिस, एकमेकांना वायरीनं जोडलेले अकरा कॉम्प्युटर आणि त्यांची देखभाल करणारा मी एकटा. खुर्ची फिरते, खिडकीतून ऊन येतं. पहिली तक्रारही किरकोळ: मशीनच्या घड्याळांत एकाचा पायपोस एकाच्या पायात नाही, त्यामुळे आत्ताची फाइल मघाच्या फाइलीआधी केलेली दिसते. घरी बायकोला म्हटलं, हा तर माझ्या हातचा मळ. आमची छकुली पाच वर्षांची. तिनं विचारलं, मग बाबा, हात का नाही धुतलास?

५ जून
दहा घड्याळांत मिनिटाचा फरक. अकरावं दफ्तरखोलीतलं, ते चाळीस मिनिटं मागे. पुढं केलं की तासाभरात पुन्हा मागे येतं. बॅटरी बदलली, काही उपयोग नाही. कंबर मात्र धरली. तिथले दफ्तरदार म्हणाले, राहू द्या हो, मला कुठं घाई आहे! गृहस्थांचे केस काळेभोर, पण टायपिस्टबाई सांगतात की ते त्यांच्या आजीच्या वेळेपासून इथंच आहेत. लोक काहीही बोलतात.
शेवटी साहेबांनीच मार्ग काढला. सगळ्या जुन्या नोंदी त्या मशीनवर आहेत, त्याला हात लावू नका, बाकीच्या दहांना त्याच्या वेळेवर आणा. आणले. आता अकराही मशीन दफ्तरखोलीला वेळ विचारतात आणि सेकंदाचाही फरक नाही. साहेब खूश.

६ जून
पाचला निघालो. माझं मनगटी घड्याळही पाचच सांगत होतं, पण रस्त्यावर दुकानांची शटरं खाली येत होती. छकुली वाट पाहून झोपलेली. बायकोनं ताट वाढलं. दमलोय.

७ जून
बायको दारातच उभी, डोळे सुजलेले. दोन दिवस होतास कुठं, म्हणाली. पोलिसांत जाऊन आली होती. मी तर सकाळी नऊला गेलो आणि पाचला आलो! तिनं वर्तमानपत्रं पुढं टाकली. ती दोन दिवस पुढची होती.
म्हणजे ऑफिसात वेळ सावकाश चालतो आणि बाहेर धावतो. आधी तो फक्त दफ्तरखोलीत अडकलेला असणार. सगळीकडे मीच पसरवला. भीती वाटतेय.

८ जून — ऑफिसची तारीख
दहाही मशीन दफ्तरखोलीपासून तोडली. काही फरक नाही. त्यांनी ती चाल उचललीय. साहेब म्हणाले, उद्या बघू.
घरी आलो. बाहेर दोन वर्षं गेलीत. छकुलीचे पुढचे दात नवे आलेत. माझ्याकडे बघून ती आईच्या मागे लपली.
बायको चिडलीही नाही. फक्त म्हणाली, आता जाऊ नकोस. मीही खूप थकलोय, इथंच पडून राहावंसं वाटतं. पण आत अजून माणसं आहेत, टायपिस्टबाई घरी तान्हं ठेवून आल्यात, आणि हे सगळं माझ्या हातून झालंय. दफ्तरखोलीतलं मशीन बंद करायचं. दहा मिनिटांचं काम. जाऊन येतो म्हणालो. तिनं हात सोडला नाही, मीच सोडवला.

९ जून, ९.०४
प्लग काढला. पडदा काळा झाला, तरी आत घड्याळ चालूच —
दफ्तरदार म्हणाले, मीही काढून पाहिला होता.

९.०८
सगळ्यांना ओरडून सांगतोय, बाहेर चला. कुणी मान वर करत नाही. खिडकीतलं ऊन येतं-जातं, येतं-जातं —

९.१०
जिन्याकडे धावलो. दारातच पहारेकऱ्यानं अडवलं. सकाळचा नव्हे, हा वेगळाच आहे. म्हणाला, खाली एक म्हातारी आलीय, काठी टेकत. आई गेली, एवढंच बाबांना सांगायचंय, म्हणते.
ती जिना चढतेय. थांबत, धापा टाकत. मी पुढं होऊन धरायला हवं. पण हाक काय मारू, माझ्या तोंडात अजून छकु —