हवेची नळी

११ फेब्रुवारी
आज पुन्हा! अर्ध्या चढावर गाडी बंद. आमची ही दोन तास दगडावर बसून राहिली, मग लाकडांच्या ट्रकनं गाडी ओढून खाली आणली. वरच्या वस्तीत हिला सतरा बाळांना लस टोचायची होती. पेटीतला बर्फ वितळला, लसी फुकट. आणि खाली सपाटीवर आल्याबरोबर गाडी सुरू!

हिचीच चूक. क्लचवरचा पाय काढत नाही. तीस वर्षं सांगतोय. म्हणाली, "मागून डबडब आवाज येतो हो." म्हटलं, अगं, पेट्रोल हिंदकळतं ते. टाकी नवी आहे, मोठी आहे आणि माझ्या हातची आहे. छत्तीस वर्षं टाक्याच केल्या मी. एक गळाली असेल तर नाव बदलीन.

हिनं हात धुतले, जेवली, पाठ करून झोपली.

१२ फेब्रुवारी
सकाळी एका चावीत सुरू. अंगणात वीस फेऱ्या मारल्या. काही म्हणजे काही नाही! मग दोष कुणाचा?

१५ फेब्रुवारी
मेकॅनिकला बोलावलं — आमचा पाना. (खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल.) पंप बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला, मोठ्या रस्त्यावर लांब चक्कर मारून आला. हात पुसत म्हणाला, "गाडीला धाड भरलेली नाही. वहिनींचा पाय जड आहे, दुसरं काय!"

मी हसलो. मोठ्यानं हसलो. ही चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं.

१८ फेब्रुवारी
त्याच चढावर पुन्हा बंद. चौथ्यांदा.

२० फेब्रुवारी
दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी हिला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही म्हणे, उलट खुर्ची दिली. "सिस्टर, खूप केलंत. आता नोंदणीच्या टेबलावर बसा. वर तरुण कुणालातरी पाठवू." तसा अर्ज हिनंच करायचा, सोमवारपर्यंत.

ही घरी येऊन बुटांसकट पलंगावर बसली. "मला आता जमत नसेल बहुतेक," म्हणाली.

हे वाक्य हिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. वर रस्ता नव्हता तेव्हा खांद्यावर पेटी घेऊन चालत जायची ही बाई! तिथली निम्मी पोरं हिच्या हातावर जन्मली. मी काय म्हणालो? "बरंच की. पाच वाजता घरी येशील."

२१ फेब्रुवारी
लेकीचा फोन. आईनं सगळं सांगितलेलं दिसतंय. "बाबा, गाडी चढावर बंद पडते ना? मग तुम्ही अंगणात काय बघता?"

राग आला. फोन ठेवून दिला. बापाला शिकवते!

पण दिवसभर ते डोक्यातून जाईना.

२२ फेब्रुवारी
ही दवाखान्याच्या गाडीनं गेली. मी जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचलली, खाली लाकडी ठोकळे रचले. घाटात असते तशी नाक वर करून उभी केली. टाकी काठोकाठ भरली — चढाच्या आधी ही नेहमी भरतेच. इंजिन सुरू करून ॲक्सिलरेटरवर वीट ठेवली आणि खुर्ची टाकून बसलो.

सोळा मिनिटं ठीक. मग मागून — डब! थोड्या वेळानं परत — डब! इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

खाली वाकून पाहिलं. टाकीची एक बाजू आत चेपलेली. झाकण फिरवलं तर फुस्स! हवा बाहेर येत नव्हती, आत शिरत होती. चेपलेला पत्रा डब करून जागेवर आला. किल्ली फिरवली. सुरू!

इंजिन बंद केलं.

मीच. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर पंप बिचारा ओढून ओढून ओढणार काय? हवेसाठी एकच नळी ठेवली होती, मागच्या कोपऱ्यात. तिच्या तोंडाशी गोळीचा व्हॉल्व्ह. गाडी उलटलीच तर गोळी तोंड बंद करते, पेट्रोल सांडत नाही. हिच्या अंगावर पेट्रोल सांडून पेट घेतला तर — या भीतीनं मुद्दाम शोधून आणलेला व्हॉल्व्ह! तो उभा बसवायचा असतो. वर आडवी पट्टी येत होती म्हणून मी जरा तिरका बसवला. जरासाच! चढावर गाडी कलली की तो आणखी कलतो, सगळं पेट्रोल मागे येतं, गोळी वर उचलली जाते, तोंड बंद. हवा बंद. शिकाऊ पोरानं असं केलं असतं तर कानाखाली आवाज काढला असता.

आणि हिनं केव्हाच सांगितलं होतं. डबडब.

२३ फेब्रुवारी
टाकी उतरवली. तीनदा पाण्यानं धुतली, दुपारपर्यंत उन्हात उघडी ठेवली, मगच जोडाचे डाग दिले. आता हवेसाठी दोन तोंडं — एक पुढे, एक मागे. चढ असो, उतार असो, एक तरी पेट्रोलच्या वर राहणारच. दोन्ही नळ्या उंच नेऊन जोडल्या, कुठे झोळ नाही. पेट्रोल भरायच्या तोंडापेक्षाही वर व्हॉल्व्ह — सरळ उभा, ओळंबा लावून! शेवटी धूळ जाऊ नये म्हणून जाळी, तोंड खाली वळवून. परत ठोकळ्यांवर चढवली. पाऊण तास हूं की चूं नाही.

संध्याकाळी ही म्हणाली, "काय सापडलं?"

म्हणालो, "पंपात कचरा होता."

जीभ झडली कशी नाही माझी!

२४ फेब्रुवारी
सोमवार. निघताना म्हटलं, गाडी आता ठणठणीत आहे, अर्जाची घाई नको. ओढणी सारखी करत म्हणाली, "गाडीचं ठीक झालं हो. माझं काय? पाय माझाच जड ना. उद्या वर काही झालं तर त्या पोरांचं कोण बघणार?"

अर्ज देऊन आली.

२५ फेब्रुवारी
का नाही सांगितलं? छत्तीस वर्षांचं नाक, हे आहेच. पण तेवढंच असतं तर बरं होतं.

निवृत्त झाल्यापासून हे घर खायला उठतं. सकाळी सातला ही जाते, घाटातून परत येईपर्यंत मी शेडमधले पाने पुसत बसतो. पुसलेलेच परत पुसतो. अर्जाचं ऐकलं तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं होतं. पाचला येईल, समोर बसेल, बोलेल. त्यासाठी मी तिला स्वतःबद्दल वाईट वाटू दिलं. लिहितानाही लाज वाटते.

२६ फेब्रुवारी
ही पाचला आली. समोर बसली. बोलली मात्र नाही. खिडकीतून डोंगराकडे बघत बसली.

दोनदा तोंड उघडलं मी. दोनदा हवामानावर बोललो.

२७ फेब्रुवारी
तोंडानं होणार नाही माझ्याच्यानं. ही वही तिच्या उशीवर ठेवतोय.

२८ फेब्रुवारी
हे अक्षर माझं आहे. सगळं वाचलं. दोनदा.

तुमच्याशी काय बोलायचं ते अजून ठरलं नाही, राग मोठा आहे. अर्ज परत घ्यायला निघाले आहे. खरं कारण डॉक्टरीणबाईंना तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर, तोंडानं. तिथून मला तडक वर जायचंय, सतरा बाळं वाट बघतायत. दिवसभर एकटे बसू नका, तुम्हीही चला. बाळांच्या वजनाचा काटा धरायला माणूस लागतोच.

गाडीत येऊन बसा. मी चालवते.