दुसऱ्या संघाची जागा

रविवार, १२ जानेवारी

शहरात दुसरा व्यावसायिक फुटबॉल संघ होणार! अमरसिंह, माझे यजमान, दूध आणायला गेले आणि ही बातमी घेऊन आले. दूध विसरले.

पुण्याचे कोणी उद्योजक आहेत. कोल्हापूर फुटबॉलवेडं आहे असं त्यांच्या कानावर आलं आहे. पगारी खेळाडूंचा एक संघ इथं आहेच, तीन वर्षांचा. आणखी एक चालेल का, ते बघायला स्वतः येणार आहेत.

आक्का — माझ्या थोरल्या नणंद, बँकेतून निवृत्त, वरच्या मजल्यावर राहतात — जिन्यातूनच म्हणाल्या, "हितं गल्लीत दोन संघ हायती. दुसरा कशाचा?"

बरोबर आहे. पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीचा संघ. पण त्या पोरांना पगार नाही. खेळ हौसेचा, भांडण पूर्णवेळ.

मंगळवार, १४ जानेवारी

तिळगूळ द्यायला विजयदादाकडे गेले. एकटीच. माझा भाऊ पहिल्या संघाचा व्यवस्थापक आहे. अमरसिंह दोन वर्षं त्याच्या घराची पायरी चढलेले नाहीत.

कारण धैर्यशील. आमचा मुलगा डाव्या बाजूचा बचावपटू. निवड चाचणीला गेला तेव्हा दादाने त्याला घेतलं नाही. "जागा एकच, आणि ती भरलीय." सख्ख्या भाच्याला! धैर्यशील बंगळूरला गेला. तिथल्या एका संघात आहे. बहुतेक वेळ बाकावर असतो. तो सांगत नाही. मोबाईलवर सामना लावला की दिसतं.

दादाला दुसऱ्या संघाचं विचारलं. त्याने तिळगूळ तोंडात टाकला. मग म्हणाला, आम्हालाच बघायला कोण येईना. मणिपूरचा पोरगा गोल करतो, लोक टाळ्या वाजवतात. लग्नात भाषण संपल्यावर वाजवतात तशा.

रविवार, १९ जानेवारी

आक्कांबरोबर स्टेडियमवर. आपल्या तालमीचा सामना. मुंगीला जागा नव्हती. शेजारचे डॉक्टर — एरवी हळू बोलणारे — पंचांच्या पूर्वजांपर्यंत पोचले.

दादाच्या संघाचं काय चुकतं ते कळलं. त्याच्याविरुद्ध ओरडणारं शहरात कोणी नाही. खेळ चांगला आहे म्हणून बघायला यायचं, असं इथं कोणाला सुचत नाही. कोणालातरी हरवायला यायचं असतं.

रविवार, २ फेब्रुवारी

मंगल कार्यालयात सभा. पुण्याचे पाहुणे स्टेजवर, बरोबर एक हसरी मुलगी. अमरसिंह पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. मी आणि आक्का मागे, पंख्याखाली.

पाहुणे म्हणाले, दुसरा संघ हवा असेल त्यांनी हात वर करावेत. सगळे हात वर! काहींचे दोन्ही. मुलगी मोजू लागली, मग तिने मोजणं सोडलं. पाहुण्यांचा चेहरा लग्नघरासारखा.

मग त्यांनी संघाला नाव सुचवायला सांगितलं.

प्रत्येक कोपऱ्यातून एकेका तालमीचं नाव. खुर्च्या सरकल्या. एकाने माईक घेतला, दुसऱ्याने वायर ओढली. पाहुणे अमरसिंहांना विचारत होते, आत्ता तर सगळे हो म्हणाले!

म्हणालेच होते. दुसरा संघ म्हणजे आपलाच, अशी प्रत्येकाची खात्री होती.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

अमरसिंह दाढी करताना आरशासमोर पुणेरी मराठी बोलत होते. गाल कापला.

रविवार, ९ फेब्रुवारी

पाहुणे जेवायला. पांढरा रस्सा त्यांनी सूप समजून आधीच संपवला.

अमरसिंहांनी योजना मांडली. संघ कुठल्याच पेठेचा नको. मैदान कसबा बावड्याला करायचं, कारखान्याच्या बाजूला. नवी घरं झालीत, माणसं राहायला आलीत, त्यांना अजून तालीम नाही. बाकीच्या पेठा पहिल्या संघाच्या मागे जातील, कारण बावड्याला हरवायला सगळे एक होतील.

हे माझंच म्हणणं! मागच्या आठवड्यात भाजी निवडताना मी बोलले होते. तेव्हा ते पेपर वाचत होते.

आक्का म्हणाल्या, बावड्याला कोण जातंय बघायला. पेठेतल्या माणसाला बावडा परदेश आहे. रिक्षाने दहा मिनिटं.

पाहुण्यांना पटलं. हात धुताना अमरसिंहांनी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, डाव्या बाजूला कोण खेळणार ते व्यवस्थापक ठरवतो ना? पाहुणे म्हणाले, अर्थात.

म्हणजे शहर, पेठा, बावडा — सगळं एवढ्यासाठी. मुलगा घरी यावा. मी टॉवेल दिला. मलाही तेच हवं आहे.

बुधवार, ५ मार्च

अमरसिंह बावड्याच्या संघाचे व्यवस्थापक झाले. त्यासाठी तालमीच्या कार्यकारिणीचा राजीनामा द्यावा लागला. त्या तालमीत त्यांचे वडील होते, आजोबा होते.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे कट्ट्यावर गेले. लगेच परत आले. जोतीराम म्हणाला म्हणे, "या पावणं, बसा." शाळेपासूनचा मित्र. पावणं!

चहा तिथं घेतला नाही. घरीही नको म्हणाले. आज त्यांची चेष्टा करायची नाही असं ठरवलं आहे.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. मग अमरसिंहांनी धैर्यशीलला फोन लावला, स्पीकरवर. "तुझी जागा ठेवलीय," म्हणाले. तो "बघू" म्हणाला. तो लहानपणी आवडत्या गोष्टीलाही "बघू"च म्हणायचा. पण नंतर त्याने आक्कांना विचारलं, माझी सायकल हाय का विकली?

दुपारी त्याची गादी उन्हात टाकली. त्याच्या खोलीत बावड्याच्या संघाचे झेंडे ठेवले होते, ते माझ्या पुस्तकांच्या कपाटावर गेले. कपाट आता मिरवणुकीला निघाल्यासारखं दिसतं.

रविवार, २० एप्रिल

वाईट दिवस.

पाहुण्यांनी परस्पर प्रसेनजीतला करारबद्ध केलं. प्रसेनजीत म्हणजे दादाच्या संघातला डावा बचावपटू. इथलाच मुलगा, गावात वाढलेला, लोकांचा लाडका. त्याच्यामुळे लोक बावड्याला येतील, हा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. खेळाडू धैर्यशीलपेक्षा चांगला आहे. हे मी आई असून लिहिते आहे.

अमरसिंह पाहुण्यांशी तासभर बोलले. आधी पुणेरी, मग कोल्हापुरी. उपयोग झाला नाही. संघ सोडतो म्हणाले, पण सोडला नाही. आता कुठे जाणार? तालीम गेली आहे.

संध्याकाळी गच्चीवर उभे राहून धैर्यशीलला फोन केला. आज स्पीकर नव्हता. मी वाळलेले कपडे काढत होते.

"जागा एकच हाय रे," ते म्हणाले. थांबले. "आणि ती भरलीय."

फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघितलं. हे वाक्य कुठून आलं ते त्यांना बोलल्यानंतर कळलं असावं. मी कपड्यांच्या घड्या करत राहिले. एकाच शर्टाची दोनदा केली.

सोमवार, २१ एप्रिल

धैर्यशीलचा मला मेसेज: पप्पांना सांग, राग नाही.

सांगितलं. त्यांना रागच हवा होता बहुतेक.

रविवार, ११ मे

पहिला सामना ठरला. शहराचे दोन व्यावसायिक संघ, समोरासमोर. पेठेतली पोरं बावड्याला शिव्या देत फिरतात. बावड्याच्या पोरांनी, ज्यांना गेल्या वर्षी तालीम म्हणजे काय हे माहीत नव्हतं, घसे बसवून घेतले आहेत. तिकिटं संपली. दादाच्या संघाच्या वाट्याचीसुद्धा — तीन वर्षांत प्रथमच!

तर शहराला दुसरा संघ पेलतो. खरं म्हणजे दुसरा आला म्हणून पहिला पेलला.

अमरसिंहांनी कोणालाच पेढे दिले नाहीत. धैर्यशीलच्या खोलीत बसून सरावाचं वेळापत्रक लिहीत होते. गादी अजून उभीच आहे, भिंतीला टेकवून.

शनिवार, १७ मे

धैर्यशील आला!

प्रसेनजीत गेल्यावर दादाच्या संघात डावीकडची जागा रिकामी झाली होती. दादाने भाच्याला फोन केला. भाचा "बघू" म्हणाला, आणि सही करून मोकळा झाला. बावड्याविरुद्ध खेळणार.

विरुद्ध संघाच्या व्यवस्थापकाच्या घरात खेळाडू राहू शकत नाही, असं दादाचं म्हणणं. म्हणून तो मामाकडे उतरला आहे. अमरसिंह म्हणाले, नियमानं बरोबर आहे. मग त्यांनी दोनदा विचारलं, तिकडे पंखा आहे का त्याच्या खोलीत.

मी बॅग भरली. माहेरी जाते म्हणाले.

"किती दिवस?"

"सामना होईपर्यंत."

जिन्यात चपलांचा आवाज झाला. आक्का, हातात पिशवी.

"थांब वर्षा. मीबी येतो."