टिकलीचा डोळा

शिंदखेडा, रविवार संध्याकाळ

गळाला लावायला कपाशीच्या पऱ्हाटीच्या लाकडाचा नकली मासा कोरला, चंदेरी रंगवला, पण डोळा काढायचाच राहिला. बायको, सुमन, हसली, "आंधया मासाले कोन खाई?" आणि कपाळावरची काळी टिकली काढून त्याला चिकटवली. मला पोरकटपणा वाटला होता.

आज तापीत तोच टाकला. खालून एक सावली वर आली, एवढी मोठी की मी दोर ओढायचंच विसरलो. जोराचा हिसका बसला, मग दोर सैल. मासा गेला.

लाकूड वर काढलं. शेपटी जशीच्या तशी. दातांचे ओरखडे सगळे टिकलीभोवती. पुन्हापुन्हा तेच बघतोय. एवढा थोरला जीव, आणि झडप घालण्याआधी त्याने डोळ्यात पाहिलं?

सुमनला दाखवलं. हसली नाही. तिचा हात नकळत कपाळाकडे गेला.