‘वीबके’ आगबोटीवरचं लोणी

१२ जून १९२७

लोणी पुन्हा कमी! ‘वीबके’वरच्या स्वयंपाकघराची किल्ली दोघांकडेच – मी आणि माझा नवरा फोल्कर्ट. उंदीर काही कुलूप उघडून येत नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, “आल्के, चारशे माणसं जेवतात बोटीवर. लोण्याचं काय घेऊन बसलीस?”

बोटीचा कप्तान झाला म्हणून मला गप्प बसवतो.

१५ जून

पाहिलं. हेल्गोलांड बेटापाशी नांगर पडला, तिथल्या होड्या येऊन लागल्या. नावाडी नेहमीसारखे प्रवाशांना बगलेत धरून खाली होडीत उतरवत होते, बायका किंचाळत होत्या. त्या गडबडीत फोल्कर्ट स्वतः खाली आला आणि हिन्‍रिक नावाड्याच्या हातात पुडकं सरकवलं. माझंच लोणी.

हिन्‍रिकला एक बहीण आहे. गेशे. विधवा.

१६ जून

लढाईत याच बोटीवर त्याने समुद्रातले सुरुंग उचलले, तेव्हा नाही सुचली दुसरी बाई. आता साठी उलटल्यावर सुचतेय! नवा निळा झगा घालून समोरून गेले, तर मेल्याने मान वर केली नाही.

१९ जून

स्वयंपाकघर आचाऱ्यावर टाकलं आणि होडीत बसले. धक्क्यावर बेटाची माणसं दुतर्फा उभी, बोट लागलेल्या पाहुण्यांची टर उडवायला. रीतच त्यांची. एकजण ओरडला, “कप्तानीणबाई, सव्वीस वर्षांनी तुम्हालाही लागली का हो बोट?”

गेशेने दार उघडलं. सत्तरीची म्हातारी, तोंडात दात नाही. मी दारातूनच लोण्याचं विचारलं.

“लोणी होय? ती हिन्‍रिकची मजुरी.”

कसली मजुरी, ते हिन्‍रिकला विचारलं, तर सांगेना. मग खाली बघत म्हणाला, “वहिनी, मी होडीला लाल फडकं बांधून पुढे येतो. नांगर कुठे टाकायचा ते फोल्कर्टला कळावं म्हणून. आता तेवढंच दिसतं त्याला.”

२० जून

फोल्कर्टला विचारलं. नाही म्हणाला नाही. “बोटीचे मालक टपलेत. मी उतरलो की ‘वीबके’ भंगारात. हा हंगाम काढू दे, आल्के. समुद्र पाठ आहे मला.”

“आणि चारशे माणसं?” मी म्हटलं. तो रडायला लागला. मीही.

दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. भांडून मोकळी झाले असते.

२३ जून

कॉफीचं निमित्त करून वर त्याच्याशेजारी उभी राहते. लाल फडकं दिसलं की हळूच सांगते. सुकाणूवाला हसतो – “बाईंचा संशय जबरदस्त!” हसू दे.

२ जुलै

धुकं. चारी बाजूंनी भोंगे. फोल्कर्ट कुजबुजला, “होडी कुठाय?”

मलाही दिसत नव्हती. तरी म्हटलं, “डावीकडे.”

बोट वळली आणि धुक्यातून दुसरीच आगबोट अंगावर आली. तिच्या कठड्याला टेकलेल्या एका बाईचं तोंड मला स्पष्ट दिसलं. कसे वाचलो, देव जाणे. खाली माणसं वाटाण्याचं सूप पीत होती, त्यांना पत्ताच नाही.

३ जुलै

मालकांच्या कचेरीत जाऊन त्याच्या डोळ्यांचं सगळं सांगून आले.

घरी आले तर फोल्कर्ट विचारतो, “एवढा वेळ कुठे होतीस?”